विद्या दारात, लय खिडकीत

आमच्या शाळेत इंटरनेट आलं, असं मोठ्या बाईंनी प्रार्थनेनंतर माइकवर सांगितलं तेव्हा आम्ही एवढ्या टाळ्या पिटल्या की व्हरांड्यातली कबुतरं उडून गेली. मग बाईंनी चष्मा नाकावर ढकलला, हातातला सरकारी आदेश पुन्हा एकदा वाचला आणि म्हणाल्या, "शाळेत नाही. शाळेपर्यंत."

टाळ्या चालूच राहिल्या. 'पर्यंत' हे शब्दयोगी अव्यय आम्हाला शिकवलेलं होतं, पण ते इतकं डेंजर असतं हे कोणी सांगितलं नव्हतं.

झालं होतं असं, की शाळांच्या इंटरनेटचा खर्च सरकार उचलणार होतं. वायर, पेटी, महिन्याचं बिल, सगळं अनुदानातून. फक्त आदेशात एक ओळ होती. जोडणी शाळेच्या मुख्य प्रवेशद्वारापर्यंत मिळेल आणि पेटी प्रवेशद्वाराच्या बाहेरील बाजूस बसवली जाईल. त्याच्या आतलं काम 'अंतर्गत', आणि अंतर्गतचं खातं वेगळं. बाईंनी त्या खात्याला फोन लावला. तिकडचे गृहस्थ फारच गोड बोलले.

"आतली वायर आम्ही नक्की देऊ, मॅडम. आधी आत इंटरनेट आहे एवढं दाखवा."

"आत इंटरनेट असतं तर मी तुम्हाला फोन कशाला केला असता?"

"मग नसलेल्या इंटरनेटला आम्ही वायर कशी जोडायची, तुम्हीच सांगा!"

म्हणजे आमचं इंटरनेट उशिरा आलेल्या मुलासारखं गेटबाहेर ताटकळणार आणि त्याला कोणी आत घेणार नाही. बरं, आम्ही त्याच्याकडे जावं, तर शाळा भरलेली असताना विद्यार्थ्यानं गेटबाहेर पाऊल टाकायचं नाही हा नियम. तो बाईंचा जुना नियम होताच, आता आदेशातही छापून आला होता.

सगळ्यात जास्त तोंड पडलं ते कंप्युटरच्या सरांचं. सर आम्हाला फळ्यावर कंप्युटर शिकवायचे. खडूनं खिडकी काढायची, खिडकीच्या कोपऱ्यात फुली काढायची, मग एकेकाला उठवून ती फुली बोटानं दाबायला लावायची. दाबली की सर डस्टरनं खिडकी पुसून टाकायचे आणि म्हणायचे, "बघा, बंद झाली." खरे कंप्युटर मागच्या खोलीत प्लॅस्टिकचे झगे घालून बसले होते. सर रोज ते झगे झटकायचे आणि परत घालायचे.

पण सरांचं दुःख जुनं होतं. माझं ताजं होतं आणि अर्जंट होतं.

पूर्वी मी कविता म्हणायला उभी राहायचे आणि इतकी हळू म्हणायचे की एकदा मराठीच्या बाईंनी मला गैरहजर मांडलं. मी त्यांच्या समोर उभी असताना! तेव्हापासून माझं नाव पडलं 'पुटपुट'. मग गेल्या सुट्टीत आईनं मला आत्याकडे धाडलं. आमची आत्या ग्रिल आणि गेट बनवते. तिच्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडर सुरू असताना "आत्या, चहा" एवढं सांगायलाही पोटातून ओरडावं लागतं. पहिले काही दिवस ती काळा चष्मा कपाळावर सरकवून म्हणायची, "अगं, तोंड हलतंय तुझं, पण सिनेमा मुका आहे." सुट्टी संपेपर्यंत माझा आवाज असा काही सुटला की मी आत्याला हाक मारली की समोरचा पंक्चरवाला 'ओ' द्यायचा.

शाळा सुरू झाली आणि वक्तृत्व स्पर्धेला मी नाव दिलं. वर्ग हसला. मी बोलले. वर्ग हसायचा थांबला. मग मी शाळेत पहिली, मग आसपासच्या शाळांत पहिली, आणि आता राहिली होती शेवटची फेरी. ती ऑनलाइन होती आणि तिला एक अट होती. स्पर्धकानं शाळेच्या अनुदानित जोडणीवरूनच बोलायचं. घरून चालणार नाही, मोबाइलवरून चालणार नाही. अनुदानाचं चीज झालेलं सगळ्यांना दिसलं पाहिजे ना! विषय होता 'जग जवळ आले आहे'.

जग जवळ आलेलं, मी तयार, आणि मधे गेट.

आणि गंमत बघा, वायरवाले दादा शिडी घेऊन पेटी बसवायला आले, त्या दिवशी नेमकं गेटच नव्हतं. लहान मुलं त्याच्यावर झोके घ्यायची, बिजागरी तुटली होती, म्हणून बाईंनी ते माझ्याच आत्याकडे दुरुस्तीला पाठवलं होतं. दोन खांबांच्या मधे एक बाक आडवा टाकून त्यावर शिपाईकाका बसले होते.

"गेट कुठंय?" दादांनी विचारलं.

"दुरुस्तीला गेलंय."

"मग पेटी कुठं लावू?"

"हा काय, खांब आहे की चांगला."

"खांब आदेशात नाही हो काका. गेट आहे. पेटी, गेट आणि गेटवरचं शाळेचं नाव, तिन्ही एका फोटोत यायला पाहिजे. नाहीतर माझं बिल पास होत नाही."

"गेट इथंच असतं. मी सांगतो ना!"

"असतं. आत्ता नाहीये. उद्या तुम्ही म्हणाल, शाळापण इथंच असते."

आवाज ऐकून मोठ्या बाई आल्या. म्हणाल्या, "अहो, एवढी इमारत, एवढी पोरं, एवढा गोंगाट. शाळा दिसत नाही का तुम्हाला?"

"मला दिसून काय फायदा, बाई? फोटोत दिसायला हवी." दादा शिडी खांद्यावर घेत म्हणाले. "असं करा, गेट आलं की मला कळवा. जिथं गेट, तिथं पेटी. आपल्याला काय!"

आमचा वर्ग दर्शनी बाजूला आहे आणि माझा बाक खिडकीला. मी 'जिथं गेट, तिथं पेटी' ऐकलं आणि माझ्या डोक्यात भर इतिहासाच्या तासाला ठिणग्या उडायला लागल्या. मी उठून उभी राहिले. इतिहासाचे सर म्हणाले, "काय गं, उत्तर येतंय का?" मी म्हटलं, "हो सर, आलं!" आणि सरळ बाहेर पळाले. प्रश्न काय होता ते मला अजून माहीत नाही.

बाईंना पटवायला जरा वेळ लागला.

"प्रवेशद्वार कंप्युटरच्या खोलीला लावायचं? अगं, वेड लागलंय का तुला?"

"बाई, प्रवेशद्वार कुठं असावं हे आदेशात आहे का?"

बाईंनी आदेश वाचला. उलटून वाचला. उजेडाकडे धरून वाचला. "नाही," त्या म्हणाल्या, जराशा घाबरून. "पण हे म्हणजे... सर, तुम्ही काहीतरी बोला हो."

कंप्युटरचे सर दारात उभे होते. ते एवढंच म्हणाले, "बाई, फळ्यावर सगळं काढून बघितलं मी. इंटरनेट काढता येत नाही."

बाईंनी सही केली.

दुसऱ्या दिवशी आत्या टेम्पोतून गेट घेऊन आली. गेट दोन झडपांचं. एका झडपेवर लोखंडी अक्षरांत 'विद्या', दुसरीवर 'लय', मिटलं की विद्यालय. कंप्युटरच्या खोलीला दार कधी नव्हतंच, नुसती चौकट होती, आणि चौकटीत बसत होती एकच झडप.

"बाई, एकच मावेल," आत्या टेप गुंडाळत म्हणाली. "दुसरीचं काय करू? कापू?"

"कापू नका! नाव पूर्ण दिसायला हवंय फोटोत."

"मग शेजारच्या खिडकीला ठोकते. विद्या दारात, लय खिडकीत. चालेल?"

"चालवून घेऊ," बाई म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांनी बऱ्याच गोष्टी चालवून घ्यायला सुरुवात केली होती.

अजून एक भानगड झाली. झडप सरळ लावली तर तिची कडी आतल्या टेबलावर आपटत होती. मग आत्यानं झडप फिरवली. कडी व्हरांड्याच्या बाजूला आली आणि अक्षरं खोलीच्या बाजूला. खिडकीतली 'लय'पण तशीच, खोलीकडे तोंड करून. व्हरांड्यातून वाचलं की सगळं उलटं.

"अहो ताई, आता ही खोली आतून बंद कशी करायची?" बाईंनी विचारलं.

"आत कंप्युटर आहेत ना? ते कशाला कडी लावतायत!" आत्या म्हणाली, आणि माझ्या डोक्यावर टपली मारून टेम्पोत बसली. जाताना ओरडली, "पोरी, एवढं लोखंड हलवलंय तुझ्यासाठी! आता पुटपुटलीस तर बघ!"

वायरवाले दादा आले. खोलीत उभं राहून त्यांनी मोबाइलमधून बघितलं. डावीकडे 'विद्या', उजवीकडे 'लय', मधल्या भिंतीवर पेटी.

"वा! असं स्वच्छ नाव कुठल्याच शाळेचं आलं नव्हतं," ते म्हणाले. "बाहेर झाडं मधे येतात हो."

संध्याकाळी पेटीवर हिरवा दिवा लागला. सरांनी एका कंप्युटरचा झगा काढला, माउस हातात घेतला, इंटरनेटची खिडकी उघडली आणि कितीतरी वेळ तिच्याकडे बघत बसले. मग हळूच फुलीवर क्लिक केलं. खिडकी बंद झाली. सर आमच्याकडे वळले, पण "बघा" एवढंच म्हणाले आणि रुमाल शोधायला लागले.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी मी दोन वेण्या, इस्त्रीचा गणवेश आणि मराठीच्या बाईंनी लिहून दिलेलं भाषण तोंडपाठ अशी सज्ज झाले होते. भाषणाची सुरुवात होती, 'माहिती तंत्रज्ञानाच्या या गतिमान युगात'. हे वाक्य म्हणताना मला दर वेळी जांभई यायची, पण मी ती दाबायलाही शिकले होते. पूर्ण शाळा व्हरांड्यात गोळा झाली होती. आत्यापण आली होती, हातमोजे न काढताच. आणि तेवढ्यात, माझं नाव पुकारायला थोडासाच वेळ उरला असताना, तपासणीचे साहेब आले.

साहेब खूप सभ्य होते, आणि बाई म्हणतात की सभ्य साहेबांनाच जास्त जपावं. जिथं गेट असायचं तिथं ते थबकले, बाकावरच्या शिपाईकाकांना "प्रवेशद्वार कुठे आहे?" असं विचारलं, आणि काकांनी "सरळ जा, पाण्याच्या टाकीपासून डावीकडे, शेवटची खोली" असा पत्ता सांगितला. साहेब टाकीपासून डावीकडे आले. व्हरांड्यात आम्ही सगळे, समोर गेट. त्यांनी गेटकडे बघितलं. आमच्याकडे बघितलं. खोलीतल्या पेटीकडे बघितलं. मग फाइल उघडली.

"मॅडम, इथून शाळा सुरू होते?"

"हो," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

"म्हणजे ही सगळी मुलं..." साहेबांनी पेन आमच्यावरून फिरवलं, "गेटच्या बाहेर आहेत. शाळाबाह्य."

शाळाबाह्य म्हणजे जी मुलं शाळेत जातच नाहीत ती. आमच्यातल्या काहींना तर मनातून आनंदच झाला.

"अहो साहेब, ही मुलं रोज येतात! हजेरी बघा!"

"रोज येतात, मान्य. पण गेटपर्यंत." साहेब खरंच हळहळले. "आणि दुसरं, पेटी बाहेरच्या बाजूला हवी, ती तुम्ही आत घेतलीत. पेटी बाहेर हवी ती आत, मुलं आत हवीत ती बाहेर. अशा परिस्थितीत मला जोडणी आजच बंद करावी लागेल. आत्ताच. मला वाईट वाटतंय, पण काय करणार!"

ते पेटीकडे निघाले. कंप्युटरवर दुसऱ्या कुठल्या तरी शाळेचा मुलगा तावातावानं बोलत होता. त्याच्यानंतर मी होते. सर पेटीसमोर हात पसरून उभे राहिले, अगदी फुटबॉलच्या गोलकीपरसारखे. बाईंचा चेहरा पांढरा पडला. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण गेट तिथं आणायची अक्कल माझी होती.

पूर्वीची मी असते तर तिथंच पायरीवर बसून रडले असते, आणि तेही कोणाला ऐकू गेलं नसतं.

"साहेब!" मी ओरडले. साहेबांच्या हातून पेन पडलं. "साहेब, गेटची आतली बाजू कुठली हो?"

"म्हणजे?"

"तुमच्या घराला दार आहे ना?"

"आहे की."

"त्याची कडी कुठल्या बाजूला असते?"

"आतल्या."

"आणि नावाची पाटी?"

"बाहेरच्या," साहेब म्हणाले, आणि मग त्यांनी आमच्या गेटकडे बघितलं. कडी व्हरांड्यात, आमच्या बाजूला. अक्षरं खोलीकडे, पेटीच्या बाजूला.

आत्या पाठीमागून खाकरली. "गेट मी लावलंय, साहेब. एवढी वर्षं हाच धंदा करतेय. कडी तिकडं आत, पाटी तिकडं बाहेर. पाहिजे तर कोणालाही विचारा." आणि माझ्या कानात कुजबुजली, "टेबल आडवं येत होतं हे सांगू नकोस."

साहेब खोलीत गेले, बाहेर आले, परत गेले. कडी वाजवून बघितली. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, असं समाधान, की बघतच राहावं.

"म्हणजे हा व्हरांडा शाळेच्या आत," ते म्हणाले.

"हो!"

"वर्ग, मैदान, सगळं आत."

"रस्तापण आत, साहेब, आणि समोरचं किराणा दुकानसुद्धा," शिपाईकाका म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते पाणी आणायला निघून गेले.

"आणि बाहेर आहे ती फक्त ही खोली. पेटी बाहेर, मुलं आत." साहेबांनी फाइलवर टिचकी मारली. "उत्तम! आदेशाप्रमाणे असलेली पहिलीच शाळा बघतोय मी."

व्हरांडा नुसता दणाणला. मी हवेत उडी मारली आणि कंप्युटरकडे धावले, कारण आतून आवाज येत होता, "पुढच्या स्पर्धक तयार आहेत का?" मी कडी काढली, एक पाय उचलला...

"थांब!" साहेब म्हणाले. "कुठं निघालीस?"

"भाषणाला! माझं नाव पुकारलं!"

"ती खोली बाहेर आहे ना? शाळेच्या वेळेत विद्यार्थ्यानं गेटबाहेर जायचं नाही."

आई गं! माझा पाय तसाच वर राहिला. हे तर मीच आत्ता सिद्ध केलं होतं!

"साहेब, पाचच मिनिटं," बाई म्हणाल्या.

"मॅडम, ही एक मुलगी बाहेर गेली तर ती शाळाबाह्य. शाळाबाह्य मुलीला शाळेच्या स्पर्धेत कसं बोलता येईल? तुम्हीच विचार करा."

विचार करायला वेळच नव्हता. "सर!" मी कडी परत लावली आणि गजांना धरून उभी राहिले. "तुम्ही विद्यार्थी नाही ना? तुम्ही बाहेर थांबू शकता! कंप्युटर माझ्याकडे वळवा!"

सरांनी कंप्युटर उचलून वळवला आणि गेटकडे ओढायला लागले, पण पलीकडच्या भिंतीतल्या विजेच्या प्लगची वायर ताणली गेली आणि ते दोन पावलांतच अडकले. जास्तीची वायर 'अंतर्गत' होती. शेवटी कंप्युटर पलीकडच्या भिंतीपाशी राहिला आणि मी इकडे गजांच्या मागं. माइक माझ्यापासून इतका लांब, की पूर्वीच्या मला तिथून कोणी हजरसुद्धा धरलं नसतं.

पडद्यावर तीन परीक्षक होते. मधल्या परीक्षक बाई पुढं वाकून बघायला लागल्या.

"नमस्कार!" मी म्हटलं. ग्राइंडरवर मारायची ती हाक मारली मी. शेवटच्या परीक्षकांनी कानातलं यंत्र उपसून काढलं.

"नमस्कार, बाळ," परीक्षक बाई एकदम मऊ आवाजात म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, गजांकडे बघितलं, गजांवरची अक्षरं वाचली. "विद्या ना तू? घाबरू नकोस हं, विद्या. किती वर्षं आहेस तिथं?"

"पाचवीपासून!"

त्यांनी तोंडावर हात ठेवला. "इतक्या लहान वयात! आणि सुटका कधी?"

मला वाटलं, वेळ काढतायत, बाकीचे परीक्षक तयार व्हायचे असतील. म्हणून मी खरं ते सांगितलं. "दहावी झाली की सोडतात. नापास झालं तर अजून एक वर्ष!"

"वागणूक बरी देतात का?"

"हो! फक्त कोणी झोके घेताना सापडलं की उन्हात उभं करतात!"

"घरचे भेटायला येतात ना?"

"बाई बोलावतात त्यांना! पण आई यायचं टाळते. म्हणते, तुझ्याबद्दल काय काय ऐकून घ्यावं लागेल!"

परीक्षक बाईंनी डोळे पुसले. शेजारचे म्हणाले, "हिला थोडा जास्त वेळ द्यायला हवा." आणि माझ्या मागं व्हरांड्यात कोणाला तरी पहिल्यांदा समजलं आणि ते फिस्स करून हसलं. मग मलाही समजलं.

"मॅडम, हा तुरुंग नाही!" मी ओरडले. "ही शाळा आहे!"

"हो गं बाळ. शाळाच आहे. आपण शाळाच म्हणू या."

काय करावं? बक्षीस तर माझ्याकडे चालतच येत होतं. नुसतं मान खाली घालून दोन हुंदके दिले असते तरी पुरलं असतं. पण मी एवढी मेहनत करून आवाज कमावला तो काय दया गोळा करायला? आणि 'माहिती तंत्रज्ञानाच्या या गतिमान युगात' तर त्या क्षणी मला आठवेच ना.

"जग जवळ आले आहे!" मी म्हटलं. "आमच्याकडे ते गेटपर्यंत आले आहे! पुढे यायला त्याला परवानगी नाही, आणि आम्हाला त्याच्याकडे जायला नाही! तुम्हाला मी गजाआड दिसते ना? मला तुम्ही दिसता गजाआड! कारण कडी माझ्या बाजूला आहे!"

मी कडी खणखण वाजवून दाखवली.

मग मी सगळं सांगितलं. खडूच्या खिडकीचं सांगितलं, सरांच्या झग्यांचं सांगितलं, आधी आत इंटरनेट दाखवा म्हणणाऱ्या गृहस्थांचं सांगितलं. साहेबांनी आम्हाला सगळ्यांना शाळाबाह्य कसं केलं आणि परत आत कसं घेतलं तेही सांगितलं, साहेब तिथंच उभे होते तरी. ते प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते, कारण एकही गोष्ट नियमाबाहेरची नव्हती. "अनुदान शाळेपर्यंत येतं, आणि शाळा म्हणजे गेट असं ठरलं," मी शेवटी म्हटलं. "मग आम्ही गेटच उचललं. पुढच्या वेळी अनुदान आमच्यापर्यंत पाठवा! आम्ही जागचे हलणार नाही. शाळेच्या वेळेत हलताच येत नाही!"

व्हरांड्यात असा काही कल्ला झाला की पडद्यावरच्या तिघांनी कानांवर हात ठेवले. आत्या हातमोजे घालूनच टाळ्या वाजवत होती, धप धप धप.

माझा दुसरा नंबर आला.

पहिला आला माझ्या आधीच्या मुलाचा. भाषणाच्या मधेच त्याचं इंटरनेट बंद पडलं होतं आणि तो एक हात वर करून, तोंड उघडं ठेवून पडद्यावर तसाच थिजला होता. परीक्षकांनी निकालात लिहिलं, 'विरामाचा अत्यंत प्रभावी वापर'. आत्या म्हणाली, "बघ, गप्प बसून पहिला नंबर. उगाच तुला ओरडायला शिकवलं." पण संध्याकाळी तिनं पंक्चरवाल्यापासून टेम्पोवाल्यापर्यंत सगळ्यांना माझा दुसरा नंबर सांगितला, तोही ग्राइंडर बंद न करता.

साहेबांनी अहवालात आमच्या शाळेची इतकी स्तुती केली की आता बाकीच्या शाळांनाही 'अंतर्मुख प्रवेशद्वार' बसवायचं आहे आणि त्यासाठी वेगळं अनुदान निघालंय. आत्याला पत्र आलं. तिनं उघडलं, वाचलं आणि खो खो हसत माझ्याकडे फेकलं. गेटचे पैसे मिळणार आहेत, पण गेट पोहोचवायचं शाळेपर्यंत. बसवण्याचं काम अंतर्गत.

आणि काल माझं प्रमाणपत्र आलं. जाड कागद, सोनेरी कडा, मधोमध मोठ्या अक्षरांत: 'कुमारी विद्या लय'.

मोठ्या बाई म्हणाल्या, "अरे देवा! नाव दुरुस्त करून आणायला पाठवते."

दारात 'विद्या', खिडकीत 'लय', त्यांनी जे वाचलं ते लिहिलं. मी प्रमाणपत्र छातीशी धरलं आणि म्हटलं, "राहू दे बाई. दुरुस्तीला पाठवलेल्या वस्तू कुठं जाऊन लागतील, सांगता येत नाही."

वर्गात शिरले तर मागच्या बाकावरून आवाज आला, "ए, लय आली, लय!" पुटपुट कोणीच म्हटलं नाही.